एक्केचाळीस वर्षे एकाच शाळेत



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या वाटचालीबद्दल दोन पाने लिहावीत, असा निरोप आला तेव्हा मी बरेच दिवस टाळाटाळ केली. आपल्यातले कोणी डॉक्टर झाले, कोणी शिक्षक, कोणी वकील. कोणी गावातच राहून मोसंबीच्या बागा उभ्या केल्या. मी मुलांच्या मासिकात चित्रे काढतो. गावी आलो की कोणीतरी हमखास विचारते, ते ठीक आहे, पण नोकरी कुठे करतोस? त्याचे उत्तर मला आजवर नीट देता आलेले नाही. म्हणून यावेळी स्वतःबद्दल लिहिण्याऐवजी एका चित्रकाराबद्दल लिहितो. तो माणूस कळला की माझे काम आपोआप कळेल, आणि आपल्या शाळेकडे माझे काय मागणे आहे तेही कळेल.

या चित्रकाराचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते आपल्या शाळेतच. चित्रकलेच्या सरांची पत्र्याची पेटी तुम्हाला आठवत असेल. खडू, पुठ्ठे, मातीची फळे आणि एक मोडका कंपास असे सामान त्या पेटीत असे. तळाशी एका जुन्या दिवाळी अंकातून कापून पुठ्ठ्यावर डकवलेले चित्र होते. नऊवारी नेसलेली एक बाई, पुढ्यात पितळेची भांडी. लुगड्याची एकेक चुणी मोजून घ्यावी अशी. सरांनी आम्हाला ते चित्र पाहून काढायला सांगितले नाही. घरी जा, आईला काम करताना बघा आणि मग काढा, एवढेच सांगितले. खाली बारीक अक्षरात चित्रकाराचे नाव होते, एम. व्ही. धुरंधर.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. घराणे पाठारे प्रभू, वडील संस्थानात नोकरीला. शिक्षण राजाराम हायस्कुलात झाले. मुलगा वहीच्या समासात चित्रे काढणारा. असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतोच आणि बहुतेकांच्या बाबतीत ते तिथेच संपते. धुरंधरांचे संपले नाही याचे एक कारण गावातच होते. आबालाल रहिमान हे त्या वेळच्या कोल्हापुरातले मोठे चित्रकार. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले होते. आपल्याच गावातला कोणी मुंबईला जाऊन चित्रकला शिकतो आणि तेच काम आयुष्यभर करतो, हे मुलाच्या डोळ्यांसमोर होते. माझ्या मते लहान गावातल्या मुलाला एवढे एक उदाहरण पुरते. आपल्याकडे तेही नव्हते. आपल्याकडे सरांची पेटी होती.

जानेवारी १८९० मध्ये धुरंधर जे. जे. मध्ये दाखल झाले. वय तेव्हा बावीस वर्षांचे, म्हणजे तसा उशीरच. शाळेचे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. या ग्रिफिथ्ससाहेबांचा आपल्या मुलखाशी जवळचा संबंध आहे. १८७२ पासून पुढची अनेक वर्षे त्यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत मुक्काम केला आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या. तरीही त्या कामावरचे त्यांचे दोन खंडांचे पुस्तक पुढे निघाले आणि अजिंठा जगाला कळले. आपण सहलीला अजिंठ्याला गेलो तेव्हा सगळ्यांचे लक्ष डब्यातल्या धपाट्यांवर आणि माकडांवर होते, हे मला चांगले आठवते. पण मुंबईच्या त्या शाळेचे विद्यार्थी हात साधायला आपल्याच बाजूच्या डोंगरात येऊन राहिले होते, हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर निदान मी तरी धपाटे बाजूला ठेवून वर बघितले असते.

ग्रिफिथ्स यांनी कोल्हापूरहून आलेल्या या विद्यार्थ्याचा हात ओळखला आणि त्याला पुढे आणले. दोनच वर्षांत, १८९२ पासून, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत धुरंधरांच्या चित्रांना बक्षिसे मिळू लागली. १८९५ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. चित्राचा विषय घरगुती होता, नावातच लक्ष्मीला आलीस का म्हणून विचारलेले. राजेरजवाडे नाहीत, लढाई नाही. आपल्या घरांतल्या बायका, त्यांची कामे, त्यांचे सण हे चित्राला पुरेसे विषय आहेत, हे त्यांना विद्यार्थिदशेतच कळले होते. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

इथून पुढे त्यांचे दिवस सुखाचे गेले असते असे वाटते. पण १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये त्यात त्यांची पहिली पत्नी गेली. संसार मोडला, शाळा मात्र त्यांनी सोडली नाही. पुढे पुन्हा घर उभे राहिले, मुले झाली, पण रोज सकाळी शाळेत जायचे, मुलांच्या कागदांवर पेन्सिल फिरवायची आणि मग आपले काम करायचे हा क्रम कधी बदलला नाही. १९१० मध्ये ते शाळेचे हेडमास्तर झाले. ग्रिफिथ्स गेले, बर्न्स आले, बर्न्स गेले, सॉलोमन आले. साहेब बदलत राहिले, त्यांच्याबरोबर कलेची धोरणेही बदलत राहिली. धुरंधर तिथेच होते. निवृत्तीआधी काही काळ संचालकपदाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक्केचाळीस वर्षे. १९४० मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावच कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे असे आहे. आपल्या शिक्षकांपैकी ज्यांनी सगळी हयात एकाच शाळेत काढली, त्यांना या आकड्याचे वजन मी सांगायला नको.

मध्यंतरी धुरंधर मुंबई इलाख्यातल्या चित्रकला शिक्षणाचे निरीक्षक होते. तेव्हाचा इलाखा केवढा, तर वर सिंध, मध्ये गुजरात आणि आपला महाराष्ट्र, खाली धारवाड. शाळांमधून घेतल्या जाणाऱ्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा त्या काळी जे. जे. च्या छत्राखाली होत. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्यांचा दौरा आपल्याकडे येण्याचा प्रश्न नव्हता. पण पुढे राज्य बदलले, प्रांत बदलले, महाराष्ट्र झाला आणि त्या परीक्षा आपल्यापर्यंत आल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. आता कला संचालनालय त्या घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन.

इथे मला आपल्याच वर्गातली एक गोष्ट सांगायची आहे.

आठवीत सरांनी एलिमेंटरीसाठी आम्हा सहा जणांना निवडले होते. केंद्र अंबडला होते. फी फार नव्हती, पण एसटीचे भाडे, रंगाची पेटी, ब्रश हे सगळे धरले की आमच्या घरात तो खर्चच होता. दादांनी स्पष्ट सांगितले की चित्राने पोट भरत नाही, त्या दिवशी वावरात ये. सरांनी माझी फी भरली आणि दादांना काय सांगितले ते मला आजही माहीत नाही. मी गेलो. मला सी ग्रेड मिळाली.

ए ग्रेड ज्याला मिळायला हवी होती, तो मित्र आलाच नाही. नाव लिहीत नाही, पण तुम्ही ओळखाल. बैल काढावा तर त्यानेच. पाठीवरचा वशिंडाचा उंचवटा आणि मानेखालची लोळी तो एका ओढीत काढायचा, खोडरबराशिवाय. सरांनी त्याचीही फी भरली होती. पण त्या वर्षी पाऊस नव्हता, घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतली होती आणि परीक्षेच्या आधीच टोळी ऊसतोडीला निघाली. कोयत्यावर हात कमी पडत होते, म्हणून त्यालाही नेले. फाल्गुनात परत आला तेव्हा वर्गात बसला, पण त्याने चित्राची वही काढली नाही. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही.

मी चित्रकार झालो आणि तो झाला नाही. त्याच्यात काही कमी होते म्हणून हे झाले नाही. माझा हात योग्य वेळी कोणीतरी धरला. त्याचाही धरला होता, पण ओढ दुसऱ्या बाजूने जास्त होती. धुरंधरांचे चरित्र वाचताना ग्रिफिथ्सचे नाव येते तिथे मी दरवेळी थांबतो आणि मला तो मित्र आठवतो.

आता धुरंधरांच्या ज्या कामामुळे मी त्यांना आपला मानतो, त्याबद्दल. नाव मिळवलेला चित्रकार पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रे काढायला पुष्कळदा कचरतो. भिंतीवर टांगले जाते ते खरे चित्र आणि छापले जाते ते पोटापाण्याचे, अशी एक समजूत आहे. धुरंधरांनी तसा भेद केला नाही. एकीकडे ते संस्थानिकांसाठी मोठी तैलचित्रे करत. औंधच्या संग्रहालयात त्यांची शिवचरित्रावरची चित्रे आहेत, आणि पुढे दिल्लीच्या नव्या सचिवालयात कायदेमंत्र्यांच्या दालनाच्या भिंती त्यांनी रंगवल्या. दुसरीकडे तोच माणूस पोस्टकार्डासाठी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे काढी. हमाल, भाजीवाली, ट्रामची वाट बघणारा कारकून, छत्री सांभाळणारा शेटजी. तळहाताएवढ्या कार्डावर माणूस उभा राहायचा आणि आपण हसायचो. मासिकांतून, पुस्तकांतून, जाहिरातींतून त्यांचे हात सतत चालू होते.

त्यातले एक पुस्तक मुलांचे आहे. किंकेड नावाचे एक इंग्रज न्यायाधीश इकडे होते. मराठ्यांच्या इतिहासावर द. ब. पारसनीसांबरोबर लिहिणारे तेच. त्यांनी आपल्याकडच्या व्रतांच्या कहाण्या मुलांसाठी इंग्रजीत आणल्या. १९१४ मध्ये लंडनच्या मॅकमिलनने डेक्कन नर्सरी टेल्स या नावाने ते पुस्तक छापले आणि चित्रे काढली धुरंधरांनी. श्रावणात आपल्या आया, आज्या हातात तांदूळ घेऊन ऐकायच्या त्याच या कहाण्या. शुक्रवारची कहाणी, नागोबाची, सोमवतीची, दिव्याच्या अवसेची. ऐकताना आपण पेंगायचो आणि शेवटी साखर वाटली की जागे व्हायचो.

कल्पना करा, लंडनमधल्या एखाद्या मुलाने ते पुस्तक उघडले असेल. शब्द इंग्रजी, पण चित्रातली बाई मात्र अस्सल आपली. तिचा पदर, नथ, अंबाडा, पाटावर बसण्याची रीत, दाराची चौकट, कोपऱ्यातली घागर, यातले काहीही धुरंधरांनी परक्याला सोपे जावे म्हणून बदलले नाही. गोष्टींच्या पुस्तकासाठी काढतो आहे म्हणून हात सैल सोडला नाही. माझ्या धंद्यात मी हा धडा सर्वांत मोठा मानतो. संपादकांकडून गोष्ट येते. पान ठरलेले, जागा ठरलेली, दिवस चारच. विहीर काढायची असेल तर कुठलीही विहीर काढून चालते. मुले तक्रार करत नाहीत. पण आपल्या बारवेच्या पायऱ्या मला ठाऊक आहेत. मग त्याच काढल्या की बुलढाण्याचे एखादे मूल पत्रात लिहिते, आमच्या गावात अशीच विहीर आहे.

शिक्षक म्हणून त्यांच्या हाताखालून किती गेले याची मोजदाद अवघड आहे. एका नावाचा उल्लेख करतो. ते हेडमास्तर असताना गुजरातचे रविशंकर रावळ जे. जे. मध्ये शिकले. शिक्षण संपल्यावर ते अहमदाबादला गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी कुमार नावाचे मासिक सुरू केले, तरुण वाचकांसाठी, सचित्र. गुजरातेतल्या कितीतरी होतकरू चित्रकारांना त्यांनी हाताशी धरले, म्हणून तिथे त्यांना कलागुरू म्हणतात. वर्गातला मुलगा मासिक काढतो आणि त्या मासिकातली चित्रे पाहून तिसऱ्याच गावचा मुलगा पेन्सिल उचलतो. शिकवण्याचे फळ असे लांब जाऊन पडते. शिक्षकाला ते दिसतेच असे नाही.

घरातही त्यांनी तेच केले. मुलगी अंबिका हिचा जन्म १९१२ चा. मुलींनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यावे असे दिवस नव्हते. धुरंधरांनी तिला स्वतःजवळ बसवून शिकवले, जे. जे. मध्ये घातले आणि १९३१ मध्ये, ते स्वतः निवृत्त झाले त्याच वर्षी, ती पदविका घेऊन बाहेर पडली. अंबिकाबाईंनी पुढे दीर्घ आयुष्यात वडिलांची चित्रे सांभाळली आणि स्वतःही चित्रे काढली. आपल्या वर्गातल्या मुलींपैकी दोघींचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला होता. त्यांच्या रांगोळ्या सगळ्या गावाने पाहिल्या. परीक्षेच्या यादीत मात्र त्यांची नावे नव्हती, आणि तेव्हा ते आम्हा मुलांपैकी कोणालाही खटकले नाही. आज खटकते.

१ जून १९४४ रोजी धुरंधर गेले. त्यांच्या हयातीतच कलेचे वारे फिरले होते. हुबेहूब चित्र म्हणजे साहेबाची नक्कल, असे म्हणणारी पिढी आली. नंतरच्या काळात त्यांचे नाव कॅलेंडरे आणि जुन्या पोस्टकार्डांपुरते उरले. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हा मी दोनदा जाऊन आलो. मोठ्या तैलचित्रांसमोर गर्दी होती. मी जास्त वेळ थांबलो ते लहान कागदांपाशी, जिथे पेन्सिलीने एखादा हात, एखादे पाऊल, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान पुन्हा पुन्हा काढून पाहिली आहे. एवढा मोठा माणूस पन्नाशी उलटल्यावरही रोज गृहपाठ करत होता. सरांच्या पेटीतले चित्र मला तिथे दिसले नाही, पण तशा चुण्या पुष्कळ दिसल्या.

आता माझ्याबद्दल थोडे, आणि मग मागणे.

आमच्या मासिकात दर महिन्याला मुलांनी पाठवलेल्या चित्रांचे एक पान असते. चित्रे येतात शेकड्यांनी, जागा असते पाच-सहांची. सुरुवातीच्या वर्षांत मी निवडलेली चित्रे छापायला द्यायचो आणि बाकीची गठ्ठा बांधून ठेवायचो. एकदा परभणीकडच्या एका मुलाने सलग सात महिने चित्रे पाठवली. सगळी बैलांची. आठव्या महिन्यात काही आले नाही. तेव्हा मला कळले की मी त्याला एक ओळही लिहिली नव्हती. पत्ता शोधून पत्र टाकले, उत्तर आले नाही. तेव्हापासून न छापलेल्या प्रत्येक चित्राला मी पोस्टकार्ड पाठवतो. दोन ओळी, काय चांगले आहे ते, आणि पुढे काय बघ ते. रविवार त्यातच जातो. घरचे हसतात. हसोत.

मित्रहो, मेळाव्याच्या वर्गणीतून कमान करावी, फलक लावावा, अशा सूचना आल्या आहेत. त्याला माझा विरोध नाही. समर्थांच्या जन्मगावी येणारा भाविक कमान बघून जाईल. पण त्यातला एक लहान भाग बाजूला काढावा, असे मला वाटते. दरवर्षी आपल्या शाळेतली जी मुले-मुली ग्रेड परीक्षेला बसू इच्छितात, त्यांची फी, रंगपेटी आणि केंद्रापर्यंतचे गाडीभाडे आपण द्यावे. ज्यांचे आईवडील त्या दिवसांत ऊसतोडीला जातात, त्यांची परीक्षा होईपर्यंत गावात राहण्या-जेवण्याची सोय करावी. गावात राहणाऱ्या आपल्यापैकी दोन घरांनी मनावर घेतले तरी हे जमेल. पहिल्या पाच वर्षांचा रंगांचा खर्च मी देतो, आणि सुट्टीत चार दिवस येऊन मुलांबरोबर बसतो. कोणालाही धुरंधर करायचे नाही. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक मूल परीक्षेला पोहोचले पाहिजे, इतकेच.

आपला तो मित्र मेळाव्याला येणार आहे, असे कळले. त्याची नात यंदा आठवीत आहे. मी येताना एक कोरी वही आणि रंगाची पेटी घेऊन येतोय. पेटी नातीसाठी. वही त्याच्यासाठी. पहिल्या पानावर बैल काढून दे, एवढे मी त्याला सांगणार आहे.